यंत्र बंद होतं त्या सकाळचे निकाल

देवकी माझी मावसबहीण. माझ्याहून बरीच लहान, पण कुणाला काही समजावून सांगायचं असलं की घरात तिलाच पुढं करायचे. मयेच्या तळ्यावर आलेले पर्यटक रस्ता विचारायचे, तेव्हा आम्ही बाकीची मुलं नुसतं बोट दाखवून मोकळी व्हायचो. ही त्यांना होडीच्या धक्क्यापर्यंत सोडून यायची आणि तळ्याला पाणी कुठून येतं तेही वाटेत सांगायची. तिचे वडील भिकाजीकाका बांद्याकडचे. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रक चालवायला डिचोलीत आले, मयेला बिऱ्हाड केलं आणि इथलेच होऊन गेले. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला आणि शाळेची बालरथ बस चालवू लागले. सुलोचनामावशी घरी शिवणकाम करायची. अशा घरातली मुलगी पदार्थविज्ञान शिकायला पणजीला गेली, तिथून बेंगळुरूला गेली, आणि ज्याला क्वांटम संगणक म्हणतात त्या यंत्राजवळ नोकरीला लागली.

मी साखळीला बालवाडीत शिकवते. मला त्यातलं काय कळणार? एकदा ती सुट्टीला आली तेव्हा मी विचारलंच, "तू नेमकं करतेस तरी काय गो?"

ती म्हणाली, "ताई, असली यंत्रं फार थोडी आहेत. ज्यांच्याकडे नाहीत त्या संशोधकांना आम्ही ती वापरायला देतो. त्यांच्याकडे प्रश्न असतो, आमच्याकडे यंत्र. तो प्रश्न यंत्राला कळेल अशा रीतीनं मांडायला मी त्यांच्याजवळ बसते."

"आणि यंत्र उत्तर देतं?"

"देतं. पण चुकतं फार," ती हसली. "अजून कच्चं आहे ते. तुझ्या बालवाडीतल्या पोरांसारखं. ते कसं चुकतं आणि त्या चुका कशा काढायच्या, हेच सध्या जगभर लोक शिकतायत."

बेंगळुरूला तिचं बरं चाललं होतं. पण मनात एक होतं. तिथं येणारे संशोधक मोठ्या शहरांतले, मोठ्या संस्थांतले. आपल्या साखळीच्या, पेडण्याच्या कॉलेजातल्या मास्तरांना या यंत्राला हात लावायला कधी मिळणार, असं ती म्हणायची. त्यामुळं तुयेच्या औद्योगिक वसाहतीत असं केंद्र निघतंय म्हटल्यावर ती पगार कमी घेऊन परत आली.

केंद्र काढणारे दत्तप्रसाद मूळ पेडण्याचे. बरीच वर्षं परदेशात काढलेला माणूस, बोलायला गोड, कुणालाही पहिल्या भेटीत आपलासा करणारा. त्यांनी अनुदान मिळवलं, एक बंद पडलेली शेड घेतली आणि तिच्यात यंत्र आणून बसवलं. अनुदानाची अट होती की यंत्राचा अर्धा वेळ कॉलेजांतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना विनामूल्य द्यायचा, आणि त्यांना शिकवायला जाणकार माणूस ठेवायचा. तो माणूस म्हणजे देवकी. उरलेला अर्धा वेळ केंद्रानं कंपन्यांना द्यावा आणि आपला खर्च भागवावा, अशी व्यवस्था.

यंत्र सांभाळायला प्रज्योत होता. कोरगावचा. बोलणं मोजकं, हात मात्र सोन्याचे. छताला टांगलेलं ते पांढरं पिंप, त्याच्या आतली भयंकर थंडी, त्या थंडीसाठी रात्रंदिवस टक् फुस्स, टक् फुस्स करणारे पंप, हे सगळं त्याच्या ताब्यात. देवकी संशोधकांजवळ बसायची, तो यंत्राजवळ. दीडेक वर्षात दोघांनी लग्न केलं आणि पार्शाला घर घेऊन राहिली. मी त्यांच्याकडे गेले की सकाळी पोदेराकडून गरम उंडे पाव आणायला प्रज्योत स्वतः उठायचा आणि पाहुण्यांना झोपू द्यायचा. मला तो आवडायचा. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकून तो कुणी खलपुरुष होता असं वाटायला नको.

पहिल्या वर्षी देवकी कॉलेजांतून हिंडली. कधी बसनं, कधी भिकाजीकाकांच्या स्कूटरवरून. साखळीच्या एका सभेला मीही मागं जाऊन बसले होते. एका प्राध्यापकानं विचारलं, "तुमचं यंत्र आमच्या लॅपटॉपपेक्षा चांगलं चालतं का?"

"आज नाही," देवकी म्हणाली. "तुम्ही जे गणित आणाल ते तुमचा लॅपटॉप बहुधा लवकर आणि बिनचूक करेल. तुम्हाला इथं मिळेल ते एकच. यंत्र खरं असेल. पुस्तकात वाचलेलं नसेल."

ही असं बोलली तर येणार कोण, असं मला वाटलं. पण झालं उलटंच. एवढं सरळ सांगतेय म्हणून माणसांचा तिच्यावर विश्वास बसला. त्यांतच सगुण सर होते.

सगुण सर आमच्या साखळीचेच, कॉलेजात गणित शिकवायचे. पन्नाशी उलटलेली. तरुणपणी संशोधन करायची इच्छा होती, पण आईवडिलांचं आजारपण, भावंडांची शिक्षणं यांत ते राहून गेलं. आता उशिरानं पीएचडीला नाव घातलं होतं. त्यांनी विषय घेतला तो यंत्राच्या चुकांचाच. आलेल्या निकालांतून चूक किती ते ओळखायचं आणि गणितानं ती काढून टाकायची, अशी एक रीत त्यांनी बसवली होती. रीत चालते का हे खऱ्या यंत्रावरच कळणार.

पहिले काही महिने ती चाललीच नाही. यंत्र सकाळी एका तऱ्हेनं चुकायचं, संध्याकाळी दुसऱ्या. एखादा क्युबिट, म्हणजे यंत्राचा हिशेब करणारा एक बारीक भाग म्हणा, अचानक बिघडायचा आणि दोन दिवसांनी आपोआप सुधारायचा. सगुण सर घरून काम पाठवायचे, ते केंद्रातल्या रांगेत लागायचं आणि निकाल त्यांच्याकडे परत जायचे. दर शनिवारी ते तुयेला यायचे आणि देवकीजवळ बसून निकालांचा कीस काढायचे. कंटाळले नाहीत कधी. देवकीला म्हणायचे, "मॅडम, लहरी आहे, पण खोटं बोलत नाही तुमचं यंत्र."

गणपतीची चवथ झाली आणि चित्र पालटलं. सरांची रीत लागू पडू लागली. आधी थोडी, मग चांगलीच. दिवाळीपर्यंत निम्म्याहून अधिक चुका निघू लागल्या, आणि पुढं तर निकाल असे स्वच्छ येऊ लागले की सर शनिवारची वाट न बघता फोन करायचे. पुण्याच्या एका परिषदेत त्यांचा निबंध स्वीकारला गेला. त्या आनंदात त्यांनी घरच्या मानकुराद आंब्यांची पहिली करंडी केंद्रात आणून ठेवली.

देवकीला बरं वाटलं, आणि किंचित नवलही. तिनं घरी प्रज्योतला विचारलं, "यंत्र इतक्या शाण्यासारखा कसा वागाक लागला?"

"केबल बदलल्यो," तो म्हणाला. "जुळवणीय नव्यान केलंय."

तिला खरं वाटलं. नुसतं खरं नाही, अभिमान वाटला. पुढच्या शनिवारी तिनं प्रज्योतला बाहेर बोलावून सगुण सरांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "सर, तुमच्या रीतीला यश आलं त्यात अर्धं श्रेय यांचं आहे." सरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. प्रज्योत 'काय नाय, काय नाय' म्हणत आत निघून गेला. लाजला, असं देवकीला वाटलं.

मग एप्रिल आला. भिकाजीकाकांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती म्हणून देवकी दोन दिवस मयेला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच म्हापशामार्गे थेट तुयेला गेली. शेडचं दार उघडून ती आत शिरली आणि थबकली. पंपांचा आवाज नव्हता. इतक्या दिवसांत ती शेड तिनं कधी गप्प ऐकली नव्हती. पिंपाच्या शेजारचा पडदा बघितला तर आतलं तापमान चढलेलं. पाणी थंड ठेवणाऱ्या मशीनचा पंप आदल्या दिवशी दुपारी जळाला होता आणि त्याबरोबर सगळंच थांबलं होतं. आता दुरुस्ती करून यंत्र पुन्हा थंड व्हायला आठवडा तरी जाणार. प्रज्योत मागच्या बाजूला मेकॅनिकबरोबर होता.

संशोधकांना कळवायला हवं म्हणून तिनं फोन हातात घेतला, तेवढ्यात तोच वाजला. सगुण सर.

"मॅडम, बाबांचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे सर. आज पट्टी काढतील."

"छान, छान. बरं, तुम्ही केंद्रात असाल तर जरा बघा. सकाळी पाठवलेलं काम तासाभरात आलं. काय सुंदर आलंय म्हणून सांगू!"

"कधी पाठवलेलं?"

"आज. सकाळी पूजा आटोपून बसलो आणि पाठवलं."

देवकी पिंपासमोर उभी होती. ती म्हणाली, "सर, मी तुम्हाला थोड्या वेळानं फोन करते."

तिनं संगणक उघडून बघितलं. निकाल होते. तारीख आजची. खाली यंत्राचं नाव होतं, त्याच यंत्राचं, जे तिच्या पाठीमागं गरम होऊन निपचित लटकत होतं.

ती मागच्या बाजूला गेली. तिचा चेहरा बघून प्रज्योतनं मेकॅनिकला चहाला पाठवलं.

"सगुण सरांचे आजचे निकाल खंयसून इले?" तिनं विचारलं.

हात पुसता पुसता तो थांबला. त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य तिला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तो म्हणाला, "मी रांग बंद करूक विसारलंय."

"मी तां विचारूक नाय. निकाल खंयसून इले?"

"सिम्युलेटर."

सिम्युलेटर म्हणजे यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. साध्या संगणकावर चालतो. देवकी स्वतः मुलांना शिकवताना तो वापरायची, पण 'ही नक्कल हं' असं सांगून. प्रज्योतनं ती नक्कल इतकी बेमालूम केली होती की तिच्यात चुकाही घातल्या होत्या, खऱ्यासारखं वाटावं म्हणून. फक्त त्या चुका माणसानं बेतलेल्या, एका मापाच्या. खऱ्या यंत्राची लहर त्यांत नव्हती. सगुण सरांची रीत यशस्वी होत होती ती एवढ्याचसाठी.

"कधीपासून?"

"चवथीपासून."

"आणि खरो वेळ?"

"भायरच्या एका कंपनीक दिलो. सगळोच. दत्तप्रसाद सरांनी करार केलो. नायतर केंद्र बंद पडला असता, देवकी. तुझीय नोकरी, माझीय."

"माका कित्या सांगूक नाय?"

त्यानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "तुका सांगला असता तर लोकांशी बोलताना तू अडखळली असतंस. लोक विश्वास ठेवतत तो तुझ्यार. दत्तप्रसाद सर म्हणाले, देवकीक कळता नये. ती आसा तशीच रवांदे."

"म्हणजे माका म्हायत नाय, ह्याच तुमका व्हया होता."

प्रज्योतनं मान खाली घातली आणि 'होय' म्हणाला.

देवकीनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "ताई, त्यानं माझ्यापासून लपवलं असतं तर मी समजू शकले असते. माणसं भीतीनं लपवतात. पण त्यानं मला वापरलं गो. मी खरं बोलते म्हणून मला पुढं उभं केलं आणि मागून खोटं पाठवलं. आणि रोज माझ्याबरोबर जेवला."

दुसऱ्या दिवशी दत्तप्रसाद केंद्रात आले. रागावले नाहीत. तिला बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं.

"देवकी, नीट विचार कर," ते म्हणाले. "त्या लोकांना शिकायचं होतं, आपण शिकवलं. पायलटलासुद्धा पहिल्या दिवशी विमान देत नाहीत, सिम्युलेटरच देतात ना?"

"देतात सर. पण त्याला 'तू आकाशात आहेस' असं सांगत नाहीत."

"कुणाचं काय नुकसान झालं?"

"सगुण सर पुण्याला निबंध वाचणार आहेत. त्यात लिहिलंय की हे निकाल आपल्या यंत्राचे."

"वाचू दे. अशा निबंधांकडं पुन्हा कोण बघतं? जूनपासून मी त्यांना खरा वेळ देतो. शब्द देतो तुला."

तो शब्द, देवकी सांगते, तिला ओळखीचा वाटला. कारण याच माणसानं असाच शब्द दिला होता म्हणून ती बेंगळुरू सोडून आली होती. ती उठली. दत्तप्रसाद मागून म्हणाले, "तो प्रोग्राम प्रज्योतनं लिहिलाय. बाहेर सांगताना तेवढं लक्षात ठेव."

त्या रविवारी ती माझ्याकडे साखळीला आली आणि म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर चल. त्या घराचं दार वाजवायला एकटीनं जमणार नाही मला."

सगुण सर परिषदेला जायच्या तयारीत होते. नवा शर्ट इस्त्री करून खिडकीच्या गजाला टांगलेला. त्यांच्या बायकोनं, पद्मावतीनं, आम्हाला बघून लगेच चहा टाकला. चहा यायच्या आत देवकीनं सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही, प्रज्योतचं नावही गाळलं नाही.

सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझी रीत ज्या चुका काढत होती, त्या तुमच्या यजमानांनी घातलेल्या."

"हो सर."

"कोड्याचं उत्तर कोडं घालणाऱ्यानंच सोपं करून ठेवलेलं." ते उठले, दारापुढच्या बाल्कांवात जाऊन उभे राहिले, परत आले. "आणि सुरुवातीचे महिने?"

"ते खरे. चवथीपर्यंतचे सगळे खरे."

"त्यांच्यावर माझी रीत कधी चाललीच नाही," ते म्हणाले. "निबंधात मी ते घेतलेसुद्धा नाहीत. नवशिकेपणात काहीतरी चुकलं असेल म्हणून बाजूला ठेवले."

पद्मावती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो खाली ठेवला नाही. देवकीला म्हणाली, "एका घरात रवतात तुम्ही. एका ताटातलां जेवतात. आणि तुका कायच म्हायत नाशिल्लां?"

"नव्हतं," देवकी म्हणाली. "खरंच नव्हतं."

सगुण सर बायकोला गप्प करतील असं मला वाटलं. त्यांनी केलं नाही. ते देवकीकडे बघत होते. दर शनिवारी जिच्याजवळ बसून हा माणूस तासन्तास बोलायचा, तिच्याकडे तो परक्यासारखं बघत होता. शेवटी ते म्हणाले, "बरं. तुम्ही येऊन सांगितलंत, बरं झालं." आम्ही चहा न घेताच निघालो. त्यांनी त्याच संध्याकाळी पुण्याला कळवून निबंध मागं घेतला.

बाकीच्यांनाही देवकीनं सांगितलं. जवळच्यांकडे जाऊन, लांबच्यांना फोन करून. पेडण्याची एक विद्यार्थिनी फोनवरच रडली, तिचं एक वर्ष वाया गेलं होतं. एक प्राध्यापक भडकून वाटेल ते बोलले. एकानं मात्र 'आता झालं ते झालं, बोभाटा करू नका' म्हणून उलट तिलाच समजावलं, कारण त्यानं तेच निकाल दाखवून बढती घेतली होती. मग तिनं अनुदान देणाऱ्यांना कळवलं. चौकशी समिती आली.

एवढं झालं तरी ती पार्शालाच राहत होती. मला नवल वाटायचं. ती म्हणायची, "चुकलाय तो. भ्यालेला माणूस आहे. समितीसमोर खरं बोलेल." प्रज्योतनं तिला तसं सांगितलंही होतं.

समिती तुयेला बसली. एका टेबलाशी दत्तप्रसाद, शेजारी प्रज्योत, समोर देवकी. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "संशोधकांना सिम्युलेटर दिला जातोय हे त्यांना कुणी सांगायचं होतं?"

दत्तप्रसाद शांतपणे म्हणाले, "संशोधकांशी बोलायचं काम पूर्णपणे देवकी यांचं. त्यांना कल्पना होती. त्यांनी सांगितलंच असेल, असं आम्ही धरून चाललो."

देवकीला आधी कळलंच नाही की आपल्याबद्दल बोलतायत. मग तिनं प्रज्योतकडे बघितलं. त्यानं फक्त 'नाही, तिला माहीत नव्हतं' एवढं म्हणायचं होतं. बाईंनी त्याला विचारलंसुद्धा, "तुम्हाला काही सांगायचंय?"

प्रज्योत टेबलाकडे बघत म्हणाला, "यंत्राचं काही विचारायचं असेल तर सांगतो. बाकीचं माझं क्षेत्र नाही."

देवकीनं आपली बाजू मांडली. ती ऐकून घेतली गेली. पण ज्याच्याबरोबर ती राहत होती तो माणूस समोर गप्प बसलेला असताना तिच्या शब्दाला कितीसं वजन येणार? पुढं अहवाल आला, त्यात 'केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी संगनमतानं' असं लिहिलं होतं. त्या कर्मचाऱ्यांत तिचंही नाव होतं.

समितीच्या दिवशीच दुपारी ती बॅग भरून मयेला आली. भिकाजीकाका डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. तिनं सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलंस?" आणि मावशीला हाक मारली.

अनुदान थांबलं. दत्तप्रसाद पेडण्यातून निघून गेले. आता दुसऱ्या शहरात दुसरं काहीतरी काढलंय म्हणतात, आणि तिथंही माणसं त्यांच्यावर खूश आहेत. यंत्र पुण्याच्या एका संस्थेनं नेलं. ते सांभाळणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून त्याच्याबरोबर प्रज्योतलाही ठेवून घेतलं. देवकीनं मात्र तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला. कारण कुणी दिलं नाही. सध्या ती डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक शाळेत कंत्राटावर गणित शिकवते.

पुण्याला जाण्याआधी प्रज्योत मयेला आला होता. मी तिथं होते. मावशीनं त्याला बसायला खुर्ची दिली. तो देवकीला म्हणाला, "मी खोटा बोलूक नाय गो तेंच्यासमोर. फक्त गप्प रवलंय."

"गप्प रवाक तुका बरा जमता," ती म्हणाली.

"माझी चूक झाली. माका कळता. तू चल पुण्याक. थंय नव्यान सुरू करूया."

देवकीनं त्याला एकच विचारलं. "त्या दिवशी पंप जळलो नसतो, तर तू माका कधी सांगणार होतंस?"

तो विचार करत राहिला. निदान या वेळी त्यानं पटकन काही बनवून सांगितलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं धरते. पण उत्तर आलंच नाही. देवकी आत गेली आणि वह्या तपासायला बसली. तो उठला, काकांच्या पाया पडला आणि गेला. अजून अधूनमधून फोन करतो. ती कधी घेते, कधी घेत नाही. घटस्फोटाचं कुणी काढलेलं नाही. परत जायचंही नाही.

मी तिला एकदा म्हटलं, "मनाला इतकं लावून घेऊ नकोस."

तर म्हणाली, "ताई, पूर्वी कुणी काही सांगितलं की मी सरळ ऐकायचे. आता वर्गात एखादं पोर 'गृहपाठ घरी राहिला' म्हणालं तरी मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते, खरं की खोटं म्हणून. मला माझंच हे आवडत नाही."

गेल्या महिन्यात सगुण सरांचा फोन आला. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. त्यांना दुसऱ्या एका सरकारी संस्थेच्या यंत्रावर वेळ मिळालाय आणि त्यांनी सुरुवातीचे ते खरे निकाल पुन्हा काढलेत. त्यांची रीत त्यांवर का चालत नव्हती, तेच आता त्यांचा विषय आहे. मी त्या दिवशी मयेलाच होते. देवकी फोन कानाला लावून अंगणात उभी राहिली. सरांनी खुशाली विचारली नाही. जून महिन्यात कोणता क्युबिट बिघडला होता, किती दिवस, त्या आधी जुळवणी कधी केली होती, एवढंच विचारलं. तिला सगळं आठवत होतं. ती सावकाश, समजावून सांगत गेली, पहिल्यासारखीच. मधेच तिच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आलेली मला दिसली.

शेवटी सर काहीतरी म्हणाले. "घ्या ना सर," ती म्हणाली. "जरूर घ्या." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, हे सगळं मी दुसरीकडून एकदा तपासून घेईन."

"एवढं सगळं तू सांगितल्यावर?"

"त्यांचं बरोबर आहे ताई," देवकी म्हणाली. "मीसुद्धा तेच केलं असतं." मग ती तळ्याच्या रस्त्यानं एकटीच चालत गेली. मावशीनं दोनदा हाक मारली, तरी तिनं मागं वळून बघितलं नाही.